पाठीचा बाक आणि पाठीचे दुखणे: घरी काय पाहावे, दवाखान्यात केव्हा जावे

पाठ दुखते म्हणजे मणका वाकडा झाला असणार, आणि मणका वाकडा असेल तर पाठ दुखणारच, अशा दोन समजुती आपल्याकडे जोडीने नांदतात आणि दोन्हींमुळे नुकसान होते. पहिलीमुळे साध्या उसणीने बेजार झालेला माणूस एमआरआय काढून अहवालातल्या शब्दांनी घाबरून बसतो. दुसरीमुळे बारा वर्षांच्या मुलीचा कणा हळूहळू एका बाजूला कलत असतो, पण तिची काही तक्रार नाही म्हणून घरात तिच्या पाठीकडे कोणी पाहतही नाही. किशोरवयातला स्कोलिओसिस, म्हणजे कण्याला बाजूला आलेला बाक, बहुधा फारसा न दुखता वाढतो, म्हणून तो डोळ्यांनी शोधावा लागतो. दुखणाऱ्या पाठीचे कारण मात्र दुखणे केव्हा वाढते आणि कशाने उतरते यावरून जास्त चांगले उमगते. ही दोन वेगवेगळी कामे आहेत आणि दोन्हींची सुरुवात घरी करता येते.

बाक म्हणजे नेमके काय

आपल्या कण्यात २४ सुटे मणके असतात: मानेत ७, छातीच्या मागे १२ आणि कमरेत ५. त्यांच्याखाली एकमेकांत जुळून गेलेली त्रिकास्थी आणि माकडहाड येते. बाजूने पाहिल्यास कणा मान आणि कंबर येथे पुढे व पाठीत मागे वळलेला दिसतो. ही वळणे नैसर्गिक आहेत. मागून पाहिल्यास मात्र तो सरळ असायला हवा. स्कोलिओसिसमध्ये तो इंग्रजी ‘सी’ किंवा ‘एस’ अक्षरासारखा बाजूला वळतो आणि त्याच वेळी स्वतःभोवती पिळतोही. या पिळामुळे बरगड्या एका बाजूला मागे येतात आणि पाठीवर उंचवटा दिसू लागतो. पोक काढून बसण्याची सवय ही वेगळी गोष्ट आहे, कारण त्यात पाठ पुढे वाकते, बाजूला नाही, आणि सांगितल्यावर मूल ती सरळ करू शकते.

उभे राहून काढलेल्या क्ष-किरण चित्रावर बाकाचा कोन मोजतात. अमेरिकन शल्यचिकित्सक जॉन कॉब यांनी १९४८ साली सांगितलेली ही पद्धत आजही सर्वत्र वापरली जाते आणि तो कोन १० अंश किंवा त्याहून अधिक असला तरच त्याला स्कोलिओसिस म्हणतात. साधारण ८० टक्के रुग्णांमध्ये निश्चित कारण सापडत नाही. असा बाक बहुधा वयाच्या दहाव्या वर्षानंतर, उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात दिसू लागतो आणि या वयातल्या शंभर मुलांपैकी दोन-तीन जणांमध्ये तो असतो. लहान बाक मुलगे आणि मुली यांच्यात जवळपास सारखे आढळतात, पण उपचार लागावेत इतका वाढणारा बाक मुलींमध्ये कितीतरी पटींनी अधिक असतो. घरात आई, मावशी किंवा थोरली बहीण यांपैकी कोणाला तो असेल, तर धाकट्यांकडे अधिक लक्ष द्यावे.

जड दप्तर, एका कुशीवर झोपणे, एका खांद्यावर पिशवी घेणे किंवा दूध न पिणे यांमुळे हा बाक येत नाही. हे मुद्दाम लिहावेसे वाटते, कारण निदान झाल्यावर घरातली मंडळी आईला किंवा त्या मुलीलाच दोष देऊ लागतात. दप्तराचे ओझे कमी करावे ते पाठ आणि खांदे दुखू नयेत म्हणून. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार ते मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे.

उरलेल्या रुग्णांमध्ये कारण सापडते. काही बालकांमध्ये गर्भातच एखादा मणका अर्धवट घडलेला असतो. सेरेब्रल पाल्सी, स्नायूंचा ऱ्हास करणारे आजार किंवा पूर्वी झालेला पोलिओ यांमुळे कण्याला दोन्ही बाजूंनी सारखा आधार मिळत नाही. उतारवयात मणक्यांमधल्या चकत्या आणि सांधे झिजल्याने कमरेच्या भागात नव्याने बाक येऊ शकतो. एक पाय थोडा आखूड असल्यामुळे किंवा उसण भरल्यामुळे कंबर कललेली दिसते, परंतु तो खरा स्कोलिओसिस नव्हे. पायाखाली योग्य जाडीची टाच दिली किंवा उसण उतरली की पाठ पुन्हा सरळ होते.

मुलाची पाठ घरी कशी पाहावी

दहा ते पंधरा या वयात दर सहा महिन्यांनी एकदा पाठ पाहणे पुरेसे असते. मुलींच्या बाबतीत पाळी सुरू होण्याच्या आधीचे वर्ष सर्वांत महत्त्वाचे, कारण उंची तेव्हाच वेगाने वाढते आणि बाकही त्याच काळात वाढतो. मुलीची पाठ आईने किंवा आजीने पाहावी, दार लावून आणि तिला नीट समजावून. या वयात संकोच असतो आणि तो मानला पाहिजे.

खोलीत चांगला उजेड असावा. मुलाला अनवाणी, पाय जुळवून, पाठ उघडी ठेवून आणि हात सैल सोडून आपल्याकडे पाठ करून उभे करावे. दोन्ही खांदे एका पातळीत आहेत का, एखादे खवाट दुसऱ्यापेक्षा जास्त बाहेर आले आहे का, सैल हात आणि कंबर यांच्यामधली मोकळी जागा दोन्हीकडे सारखी आहे का, एक कुल्ला वर उचललेला दिसतो का, हे क्रमाने पाहावे. नंतर गवंड्याकडचा ओळंबा किंवा दोऱ्याला बांधलेले एखादे वजन मानेच्या खालच्या टोकाशी, जिथे मणक्याचे हाड बोटाला ठळक लागते, तिथे धरावे. दोरा सरळ खाली नितंबांच्या मधल्या रेषेत आला पाहिजे. तो बाजूला जात असेल तर तसे लिहून ठेवावे. अनेकदा पहिली खूण कपड्यांतूनच मिळते. गणवेशाचा स्कर्ट एका बाजूला आखूड दिसतो, ओढणी एकाच खांद्यावरून सारखी घसरते आणि टेलर म्हणतो की माप बरोबर आहे.

यानंतरची चाचणी सर्वांत महत्त्वाची आहे. मुलाने पाय जुळवून, गुडघे न वाकवता, दोन्ही तळहात एकमेकांना लावून कमरेतून हळूहळू पुढे वाकावे आणि पाठ जमिनीला समांतर झाली की थांबावे. आपण मागे स्टुलावर अशा रीतीने बसावे की आपली नजर पाठीच्या पातळीत येईल, आणि मूल वाकत असताना आधी छातीचा भाग, मग कमरेचा भाग पाहत जावे. एका बाजूच्या बरगड्या किंवा कमरेचा स्नायू दुसऱ्या बाजूपेक्षा उंच दिसला, तर कणा पिळलेला असण्याची शक्यता आहे. उंचवटा दिसल्यास मुलाला स्टुलावर बसवून पुन्हा पुढे वाकायला सांगावे. बसल्यावर तो नाहीसा झाला तर दोष पायांच्या लांबीत असू शकतो. राहिला तर कण्यात. ही पद्धत इंग्लंडमधील शल्यचिकित्सक विल्यम अ‍ॅडम्स यांच्या नावाने एकोणिसाव्या शतकापासून वापरात आहे आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही.

मोबाइलमध्ये पाणसळीचे अ‍ॅप असेल तर थोडे मापही घेता येते. वाकलेल्या पाठीवर सर्वांत उंच दिसणाऱ्या जागी मोबाइल आडवा धरावा. मधल्या हाडावर तो टेकू नये म्हणून खाली दोन्ही अंगठे ठेवून मध्ये फट सोडावी. ५ ते ७ अंश किंवा त्याहून जास्त कल दिसला तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. हा अंश आणि क्ष-किरण चित्रावरचा कॉब यांचा कोन एक नव्हे, म्हणून घरच्या आकड्यावरून शस्त्रक्रियेची गणिते मांडू नयेत. त्याच जागी उभे करून, त्याच अंतरावरून मोबाइलवर फोटो काढून ठेवले आणि भिंतीवर दर तीन महिन्यांनी उंचीची खूण केली, तर डॉक्टरांना तारखांसह चांगली माहिती मिळते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळांमध्ये तपासणीला येते. त्या वेळी पालकांनी चिठ्ठी देऊन पाठ वाकवून पाहण्याची विनंती करावी; गर्दीच्या तपासणीत कपड्यांवरून पाठ कळत नाही.

काही खुणा दिसल्या तर सहा महिने थांबू नये. कमरेवर मधोमध केसांचा झुपका किंवा खळगा असणे, अंगावर कॉफीच्या रंगाचे अनेक डाग असणे, एका पायाचे पाऊल दुसऱ्यापेक्षा लहान किंवा वळलेले असणे, चालताना पाय अडखळणे, लघवीवरचा ताबा सुटणे आणि मुलाला रात्री झोपेतून उठवणारी वेदना या त्या खुणा होत. छातीच्या भागातला बाक सामान्यतः उजवीकडे असतो; तो डावीकडे असेल तर मज्जारज्जूत काही दोष नाही ना, हे पाहण्यासाठी डॉक्टर बहुधा एमआरआय सांगतात.

अंश कळल्यावर पुढे काय

क्ष-किरण चित्र संपूर्ण कण्याचे आणि उभे राहूनच काढलेले हवे, कारण झोपल्यावर बाक कमी दिसतो. केंद्रावर जाताना चिठ्ठीत तसे लिहिले आहे ना, हे पाहून घ्यावे. चुकीचे चित्र निघाले तर खर्च वाया जातो आणि मुलाला किरणही दुसऱ्यांदा घ्यावे लागतात. किरण पाठीकडून पुढे जातील असे चित्र काढल्यास मुलींच्या स्तनांना मिळणारी मात्रा कमी होते, हेही विचारावे. एकाच चित्रावर दोन डॉक्टरांच्या मोजणीत ५ अंशांपर्यंत फरक पडू शकतो. त्यामुळे १८ चे २१ झाले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. १८ चे २६ झाले तर मात्र बाक खरोखर वाढला आहे असे मानावे.

वाढ शिल्लक असलेल्या मुलात साधारण २० ते २५ अंशांच्या खाली केवळ देखरेख ठेवतात आणि चार ते सहा महिन्यांनी पुन्हा तपासतात. २५ ते ४० अंशांच्या दरम्यान ब्रेस, म्हणजे धडाभोवती घालायचा कडक पट्टा, सांगतात. ४५ ते ५० अंशांच्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो. तीत मणक्यांत स्क्रू बसवून सळ्यांच्या आधाराने कणा शक्य तेवढा सरळ करतात आणि तेवढा भाग एकमेकांत जोडून टाकतात. या आकड्यांइतकेच महत्त्व वाढ किती उरली आहे याला असते. ते कमरेच्या हाडाच्या कडेवर दिसणाऱ्या रिसर खुणेवरून ठरवतात. ० म्हणजे बरीच वाढ बाकी, ५ म्हणजे वाढ पूर्ण. पाळी सुरू न झालेल्या मुलीतला २५ अंशांचा बाक आणि सतरा वर्षांच्या मुलीतला २५ अंशांचा बाक ही दोन वेगळी प्रकरणे आहेत.

ब्रेस बाक सरळ करत नाही, तो वाढू नये म्हणून असतो, आणि हे आधी समजले नाही तर कुटुंबाचा विश्वास लवकर उडतो. अमेरिका आणि कॅनडातील २५ केंद्रांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्रेस वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांचा बाक ५० अंशांच्या आत राहिला. नुसत्या देखरेखीखालील मुलांमध्ये हे प्रमाण ४८ टक्के होते. दिवसाला सरासरी १२.९ तासांहून अधिक ब्रेस घालणाऱ्यांमध्ये ते ९० टक्क्यांच्या वर गेले. म्हणजे उपयोग तासांवर अवलंबून आहे. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांच्या उकाड्यात प्लास्टिकचा ब्रेस घालणे सोपे नाही. आत बिनशिवणीची सुती बंडी घालावी, ती दिवसातून दोनदा बदलावी, त्वचा लाल झाल्यास पावडर किंवा तेल न लावता बनवणाऱ्याकडून ब्रेस घासून घ्यावा, आणि संध्याकाळी खेळायला दोन-तीन तास मोकळे द्यावेत. मूल उंच झाले की ब्रेस बदलावा लागतो. हा खर्च पहिल्याच दिवशी विचारून घ्यावा.

बाकाच्या आकारानुसार शिकवले जाणारे विशेष व्यायाम आहेत. जर्मनीत कॅथरिना श्रोथ यांनी १९२१ पासून विकसित केलेली पद्धत त्यांत सर्वांत प्रसिद्ध आहे. ते प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून शिकावेत. योगासने, पोहणे आणि मैदानी खेळ चालू ठेवावेत, त्यांनी स्नायू बळकट होतात. मात्र लटकून, मालिश करून किंवा मणके ‘बसवून’ बाक घालवतो असे कोणी सांगितले तर पैसे खिशातच ठेवावेत. त्यात गेलेले सहा महिने वाढीच्या वयात भरून निघत नाहीत.

वाढ संपल्यावर ३० अंशांच्या आतला बाक सहसा वाढत नाही. छातीतला ५० अंशांपेक्षा मोठा बाक मात्र प्रौढपणीही वर्षाला सुमारे एक अंश या गतीने वाढू शकतो. लग्नाच्या वेळी अडचण नको म्हणून मुलीचा बाक लपवणारी घरे आहेत, म्हणून हेही सांगितले पाहिजे की स्कोलिओसिस असलेल्या बहुतेक स्त्रिया व्यवस्थित गरोदर राहतात आणि बाळंत होतात. पाठीतून भूल देण्याची वेळ आल्यास भूलतज्ज्ञांना आधी कल्पना दिली म्हणजे झाले.

दुखणारी पाठ काय सांगते

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती, आणि त्यांतील सुमारे ९० टक्के दुखण्यांमागे एखादा ठरावीक आजार दाखवता येत नाही. स्नायू, अस्थिबंध आणि लहान सांधे यांच्यावर ताण आलेला असतो. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात त्याला कामांची कमतरता नाही: उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणे, पावसात चिखलात वाकून रोपलावण करणे, पहाटे उकिडवे बसून धार काढणे, वैरणीचा भारा उचलणे, शिरोलीच्या फौंड्रीत ओतकाम हलवणे, इचलकरंजीत मागावर तासन्‌तास उभे राहणे. ट्रॅक्टर चालवताना बसणारे हादरे हेही कंबरदुखीचे मान्य कारण आहे. बैठे काम, जास्त वजन, अपुरी झोप, मनावरचा ताण आणि विडी-सिगारेट यांचीही त्यात भर पडते. अशी उसण हालचालीने चमकते, पाठीपुरती किंवा कुल्ल्यापर्यंत राहते आणि बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत उतरते. पायाळू माणसाची लाथ खाऊन उसण गेली असे सांगणारे भेटतात. ती न खाताही गेली असती.

दुखणे कुल्ल्यातून मांडीच्या मागे, गुडघ्याच्या खाली, पावलापर्यंत विजेसारखे जात असेल, मुंग्या येत असतील आणि खोकल्या-शिंकल्यावर कळ वाढत असेल, तर मणक्यांमधली चकती सरकून नस दाबली गेली असावी. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधील आणि पाचवा मणका व त्रिकास्थी यांमधील चकतीत हे सर्वाधिक घडते. उताणे झोपून दुसऱ्याने सरळ पाय वर उचलल्यावर ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याखाली तीच कळ उठली, तर शंका बळावते. यातही बहुतेक रुग्ण सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना सुधारतात, कारण बाहेर आलेला चकतीचा भाग शरीर हळूहळू शोषून घेते.

साठीच्या पुढचा माणूस महाद्वार रोडवर थोडे चालला की पिंडऱ्या जड होतात, पाय भरून येतात आणि एखाद्या दुकानाच्या पायरीवर बसले किंवा पुढे वाकले की बरे वाटते. सायकल मात्र तो हवी तितकी चालवतो. अशा वर्णनावरून मज्जारज्जूची वाट अरुंद झाल्याचा संशय येतो. नुसते उभे राहिल्यानेही पाय मोकळे होत असतील तर पायांच्या रक्तवाहिन्या तपासाव्यात.

तरुणांच्या पाठदुखीतला एक प्रकार वर्षानुवर्षे ओळखला जात नाही. तो पंचेचाळिशीच्या आत सुरू होतो, तीन महिन्यांहून अधिक टिकतो, उत्तररात्री झोपमोड करतो, सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ कंबर लाकडासारखी ताठ ठेवतो आणि विश्रांतीने वाढून हालचालीने कमी होतो. सोबत टाच दुखणे किंवा डोळा लाल होऊन दुखणे असेल तर संधिवाततज्ज्ञांकडे जावे. हा अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस असू शकतो. वेळेवर औषधे मिळाली तर कणा कायमचा आखडणे पुष्कळ टाळता येते.

तालमीतल्या पोरांबद्दल थोडे अधिक लिहायला हवे. शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान उभारलेल्या या कोल्हापुरात दहा-बारा वर्षांची मुले हौद्यात उतरतात, जोर, बैठका आणि सपाटे मारतात आणि मान टेकून पाठीची कमान करतात. पाठ वारंवार मागे वाकवून त्याच वेळी पिळली गेल्याने कमरेच्या शेवटच्या मणक्याच्या मागच्या अरुंद भागाला बारीक तडा जाऊ शकतो. वेगवान गोलंदाज आणि जिम्नॅस्ट यांच्यातही हेच दिसते. मुलाची कंबर एका बाजूला दुखत असेल, पुढे वाकल्यावर नव्हे तर मागे वाकल्यावर आणि त्या पायावर उभे राहून मागे झुकल्यावर कळ येत असेल, तर वस्तादांनी ‘अंग दुखतंय, मालिश करून घे’ असे म्हणून सोडून देऊ नये. लवकर ओळखलेला तडा काही महिने कमान आणि लढत बंद ठेवल्यास भरून येतो; त्यावर लढत राहिल्यास मणका पुढे सरकण्याचा धोका असतो. तालमीची शिस्त मला प्रिय आहे, पण दुखण्यावरून दम देणे शिस्तीत बसत नाही.

पाळी गेलेल्या स्त्रीला बादली उचलल्यावर किंवा एसटीच्या मागच्या सीटवर दणका बसल्यावर पाठीत अचानक तीव्र दुखू लागले, तर ठिसूळ झालेला मणका चेपला गेला असण्याची शक्यता आहे. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांनाही हा धोका असतो, आणि नाव नसलेल्या पुड्यांत ते मिसळलेले असू शकते.

आपल्या देशात आणखी एक कारण विसरून चालत नाही: मणक्याचा क्षयरोग. खोकला नसतानाही तो होतो. आठवड्यांनी वाढत जाणारी, विश्रांतीने न थांबणारी वेदना, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, घटते वजन आणि एका जागी हाताला लागणारा उंचवटा या त्याच्या खुणा आहेत. अशा पाठीवर कोणाकडूनही दाबून घेऊ नये. औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात, ती अनेक महिने न चुकता घ्यावी लागतात आणि निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये पोषणासाठी मिळतात.

कुशीतून जांघेकडे लाटांसारखी येणारी, माणसाला एका जागी बसू न देणारी कळ बहुधा मुतखड्याची असते. तिचा कण्याशी संबंध नाही.

त्याच दिवशी दवाखाना

लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, गुदद्वार आणि जननेंद्रियांभोवतीची जागा बधिर होणे किंवा दोन्ही पायांतली शक्ती कमी होणे यांपैकी काहीही पाठदुखीसोबत दिसले, तर सकाळची वाट पाहू नये. खालच्या नसांचा जुडगा दाबला गेला असल्यास शस्त्रक्रिया एक-दोन दिवसांच्या आत करावी लागते. पाऊल उचलता न येणे, उंचावरून पडल्यानंतरची वेदना, थंडी-ताप आणि पूर्वी कर्करोग झालेल्या माणसाची नवी पाठदुखी यांनाही उशीर नको.

साध्या उसणीत घरी काय करावे

अंथरुणावर एक-दोन दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. उताणे झोपून गुडघ्यांखाली उशी किंवा कुशीवर झोपून गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी, शेक घ्यावा आणि घरातल्या घरात थोडे थोडे चालावे. वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाचा आजार, रक्तदाब किंवा पोटात अल्सर असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत. कंबरपट्टा प्रवासापुरता ठीक आहे. तो महिनोन्‌महिने बांधल्याने पोटाचे आणि पाठीचे स्नायू आळशी होतात.

पहिल्या सहा आठवड्यांत, वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणा नसतील तर, एमआरआयची सहसा गरज नसते. ‘मणक्यात गॅप आहे’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. प्रत्यक्षात वयाबरोबर चकतीतले पाणी कमी होते आणि दोन मणक्यांमधले अंतर घटते. काहीही दुखत नसलेल्या लोकांच्या चित्रांचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांमध्ये चकत्यांची झीज आढळली. अहवालातली झीज दुखण्याचे कारण असेलच असे नाही.

उसण उतरल्यावर खरे काम सुरू होते, कारण ती परत येण्याची शक्यता मोठी असते. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर झालेल्या आणि २०२४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू वाढवत नेऊन आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास चालण्याचे ध्येय देण्यात आले, चालणाऱ्यांची कंबर पुन्हा दुखण्यापूर्वीचा मध्यक काळ २०८ दिवसांचा होता, न चालणाऱ्यांचा ११२. रंकाळ्याच्या काठाने हे फुकट जमते. ओझे उचलताना ते अंगाजवळ घ्यावे, गुडघ्यांतून वाकावे आणि उचललेल्या अवस्थेत कंबर पिळू नये. धार काढताना उकिडवे बसण्याऐवजी ठेंगणे स्टूल घ्यावे.

दाखवायला जाताना

छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपले सीपीआर, येथे अस्थिरोग विभाग आहे. स्कोलिओसिसच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मात्र मणक्याचे विशेष काम करणारे केंद्र गाठावे लागते आणि त्यासाठी मिरज, पुणे किंवा मुंबई येथे चौकशी करावी लागेल. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का आणि कोणत्या रुग्णालयात, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारावे. कागदपत्रांची यादी तोच देतो.

बरोबर आधीची सर्व क्ष-किरण चित्रे न्यावीत, केवळ अहवाल नव्हेत, कारण तुलना चित्रांवर होते. उंचीच्या नोंदी, पाळी सुरू झाल्याचा महिना, घरातला पूर्वेतिहास आणि चालू औषधे एका कागदावर लिहून न्यावीत. बाक असलेल्या मुलासाठी तीन प्रश्न नक्की विचारावेत: अंश किती, वाढ किती शिल्लक आहे आणि पुढचे चित्र केव्हा. पाठ दुखणाऱ्या मोठ्या माणसाने विचारावे की कोणता आजार नाही याची खात्री झाली आहे, काम पुन्हा केव्हा आणि कसे सुरू करायचे आणि कोणती खूण दिसल्यास लगेच परत यायचे. पुढच्या तपासणीची तारीख फाइलच्या वरच्या पानावर ठळक लिहून घ्यावी. बाकाच्या बाबतीत हुकलेली एक तारीख म्हणजे मुलीच्या वाढीचे सहा महिने असतात.